शेवटचा पीळ

पीळबाईला माणसांचा राग कमी यायचा, शब्दांचा जास्त. त्यातही ‘सारखंच आहे की’ हे तीन शब्द कोणी तिच्यासमोर उच्चारले की संपलंच. मग समोर भाजीवाला असो, नवरा असो की संस्थेचा संचालक, त्याला ऐकून घ्यावं लागायचं. ‘सारखं असेल, पण तेच नाही,’ ही तिची सुरुवात. शेवट कुठे होईल हे तिचं तिलाही ठाऊक नसायचं.

याचं मूळ लहानपणात होतं. ती घरातली धाकटी. ताई तिच्याहून थोडीशीच मोठी आणि दोघींचे चेहरे असे मिळतेजुळते की शेजारीपाजारी तोंडाला येईल त्या नावाने हाक मारायचे. ताईचे फ्रॉक हिला, ताईची पुस्तकं हिला, ताईचं उरलेलं कौतुकही हिला. हे सगळं तिने सोसलं. पण एका वर्षी शाळेच्या ओळखपत्राला फोटो हवा होता, तर आईने ताईचा जादाचा फोटो हिच्या ओळखपत्रावर चिकटवून दिला. वेगळा कशाला काढायचा, दिसता तर सारख्याच, असं आईचं म्हणणं. पोरीने शाळेत पोचल्याबरोबर तो फोटो नखाने खरवडून काढला आणि बिनचेहऱ्याचं ओळखपत्र वर्षभर गळ्यात मिरवलं. आईने पाठीत दोन धपाटे घातले. ताई हसून हसून लोळली. तिला त्यातला राग कधी कळला नाही, कारण फोटो तिचा होता.

असा स्वभाव घेऊन मोठं झालेलं माणूस वकील तरी होतं किंवा शास्त्रज्ञ तरी. ही शास्त्रज्ञ झाली. पण परीक्षानळ्या हलवणारी नव्हे. एका मोठ्या संस्थेत जगभरच्या प्रथिनांची कुटुंबवार सूची ठेवली जाते, तिथे ती संकलक म्हणून लागली. काम बसून करायचं. निरनिराळ्या जीवांमधली एकाच कुटुंबातली प्रथिनं घ्यायची, त्यांची अक्षरं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या एकेका मण्याची खूण, एकाखाली एक मांडायची, आणि कोणतं अक्षर कोणाच्या खाली बसतं हे ठरवायचं. याला तिथे जुळणी म्हणतात. बरंचसं संगणक करतो, पण जिथे संगणकाची गाडी अडते तिथे माणसाचा डोळा लागतो. पीळबाईचा डोळा चांगला होता. ती ते स्वतःच सांगायची, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायची वेळच यायची नाही.

तिच्याकडे जी कुटुंबं होती त्यातलं एक तिचं लाडकं होतं. पेशीत जनुकाची नक्कल उतरवायची तर नक्कल उतरवणारं यंत्र आधी नेमक्या जागी बसावं लागतं. ते आपलं आपण बसत नाही. त्याला जागा दाखवणारी काही प्रथिनं असतात, त्यातलं हे एक. गरम झऱ्यांत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे या कुटुंबातलं कोणी ना कोणी आहेच. आणि त्याच्या अंगात एक गंमत आहे. एकच घडण दोनदा येते. पाच पिळांचा एक भाग, आणि त्याच्या मागोमाग पुन्हा पाच पिळांचा दुसरा. पीळ म्हणजे प्रथिनाचा धागा मळसूत्रासारखा वळतो तो तुकडा. बाकीचे त्याला हेलिक्स म्हणायचे, ही पीळ म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळी संस्था पीळ म्हणायला लागली. तिचं नावही तिथूनच पडलं. त्या नावात तिच्या स्वभावाचाही वाटा होता, पण तसं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत फक्त नवऱ्याची.

पुस्तकांत या दोन भागांना पुनरावृत्ती म्हणतात. पीळबाईला तो शब्द डोळ्यासमोर नको व्हायचा. पुनरावृत्ती म्हणजे तेच ते पुन्हा, आणि हे तेच ते नव्हतं. ती त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. थोरला भाग शेजारच्या प्रथिनाला धरून उभा राहतो. धाकटा दिसायला त्याच्यासारखा, पण त्याचा शेवटचा, पाचवा पीळ डीएनएच्या खाचेत शिरतो आणि तिथली अक्षरं चाचपून बघतो. तेवढा पीळ काढून टाकला तर बाकी सगळं दिसायला ठीकठाक राहील, आणि प्रथिन आंधळं होईल. अब्जावधी वर्षं ही घडण जीवांनी सांभाळून ठेवली, ती काही उगाच हौस म्हणून नव्हे.

अडचण एकच होती. काही सूक्ष्मजीवांमध्ये या शेवटच्या पिळाच्या आधी धाग्याचा एक सैल फास येतो. कोणाचा आखूड, कोणाचा लांबच लांब. जुळणी मांडली की त्या जागी रांगा विस्कटतात, मध्ये मोकळ्या जागा पडतात, आणि पीळ पार पलीकडे एकटा उभा दिसतो. पीळबाईने एकेका जीवाचा तो पीळ शोधून जागेवर बसवला होता. त्या कामात तिचे महिने गेले, मानेचं दुखणं लागलं. सूचीत त्या कुटुंबाखाली तिचं नाव लागलं. ती सहसा कशाला हुरळून जायची नाही, पण त्या दिवशी तिने नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं आणि जेवणभर त्याला पिळांबद्दल सांगितलं.

मग संस्थेत इस्त्रीसाहेब आले.

नवे संचालक. कपड्यांची घडी कधी मोडायची नाही, केसांची नाही, आवाजाचीही नाही. त्यांना काहीही विस्कटलेलं बघवत नसे. त्यांनी येताच एक प्रोग्राम आणला. सगळ्या कुटुंबांच्या जुळण्यांवरून तो फिरवायचा. जिथे मोकळ्या जागा फार, तिथून पुढचं कापून टाकायचं. सूची सुटसुटीत होईल, जलद चालेल, पैसे देणाऱ्यांना दाखवायला बरी दिसेल. बैठकीत त्यांनी आधीचं आणि नंतरचं अशी दोन चित्रं दाखवली. नंतरच्या चित्रात सगळ्या कडा सरळ होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पीळबाईने त्याच बैठकीत उठून विचारलं, की तिच्या कुटुंबात विस्कटलेल्या जागेच्या पलीकडे एक पीळ आहे, तो कुठे गेला. इस्त्रीसाहेबांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, “दोन्ही भाग सारखेच आहेत की. एक पूर्ण दिसला म्हणजे दुसऱ्याचं कळतंच.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. तिने काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच, की पुढच्याच आठवड्यात ते कुटुंब तिच्याकडून काढून कुलूपबंद झालं आणि तिला दुसरीच कुटुंबं दिली गेली. नाव मात्र तिचंच राहिलं. कापलेली जुळणी, तुटलेला धाकटा, आणि खाली संकलक म्हणून ही. निदान माझं नाव तरी काढा, असं तिने लिहून दिलं. तशी सोय नाही, असं उत्तर आलं.

चूक दुरुस्त करायला संस्थेत एक अर्ज होता. त्यात दोन रकाने. पहिला, प्रणालीची चूक. त्यावर खूण केली की अर्ज समितीकडे जायचा, आणि समिती म्हणजे काय हे ज्याने कुठल्याही कार्यालयात दिवस काढलेत त्याला सांगायला नको. दुसरा, संकलकाची चूक. माझ्या हातून चुकलं, मी दुरुस्त करतो, असं नावानिशी लिहून दिलं की कुलूप उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती जगजाहीर व्हायची. पीळबाई दर वर्षी पहिल्या रकान्यावर खूण करायची, कारण ते खरं होतं. दर वर्षी उत्तर यायचं की तक्रार विचाराधीन आहे. खरं बोललं की रांग, आणि खोटं बोललं की लगेच काम, असा तो सगळा कारभार. ती चरफडायची, पण दुसऱ्या रकान्याकडे तिने कधी ढुंकून बघितलं नाही. उभ्या नोकरीत तिच्या नावावर एकही चूक नव्हती. आणि दुसऱ्याचा फोटो स्वतःच्या गळ्यात घालून फिरणाऱ्यांतली ती नव्हती.

अशात एका दूरच्या विद्यापीठातून एका संशोधक मुलीचं पत्र आलं.

मुलगी एका आतड्यातल्या परजीवी जंतूवर काम करत होती. त्या जंतूतलं प्रथिन पीळबाईच्या लाडक्या कुटुंबातलंच. तिने सूची बघून, प्रथिन जिथे संपतं असं तिथे लिहिलं होतं तिथवरचा तुकडा बनवला होता. तो डीएनएला धरत नव्हता. तिने क्षार बदलले, तापमान बदललं, सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. चार वर्षं झाली. तिचे मार्गदर्शक म्हणत होते की प्रथिनात दोष नाही, हिच्या हातात दोष आहे. सत्र संपताना परीक्षक बसणार होते आणि तेव्हा दाखवायला काही नसेल तर तिची जागा जाणार होती. शेवटी तिने फार संकोचाने विचारलं होतं की सूचीतली सीमा बरोबर आहे ना, विचारल्याबद्दल राग मानू नये.

पीळबाईला राग आला, आणि असा आला की तिला उठून खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. हातात दोष. ज्या पोरीच्या प्रथिनाचा डीएनए धरणारा पीळच तिला कोणी दिला नव्हता, तिच्या हातात दोष.

तिने लगेच फोन लावला. सीमा चूक आहे, फासाच्या पलीकडे अजून एक पीळ आहे, तो घे, असं सांगून नेमकी जागाही दिली. पलीकडे मुलीने ती जागा लिहून घेतली. मग हळूच म्हणाली, “हे मला सरांना सांगता येईल का?”

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. सर म्हणाले होते की खासगीत कोणीही काहीही सांगेल. सूचीत तसं लिहून येऊ दे, मग बघू. परीक्षकांपुढे सूचीची अधिकृत दुरुस्ती ठेवली तर मुदतवाढ मिळेल. नाहीतर ही तर प्रत्येक नापास विद्यार्थ्याची सबब असते.

पीळबाई ते पत्र घेऊन तडक इस्त्रीसाहेबांच्या खोलीत गेली. त्यांनी ते शांतपणे वाचलं, अगदी वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि समितीचं कामकाज किती संथ आहे याबद्दल तिच्यापेक्षा जास्त हळहळले. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद सरळ केला.

“दुसरा रकाना आहे की,” ते म्हणाले. “उद्या काम होईल.”

“ती माझी चूक नाही.”

“नाव तर तुमचंच आहे.”

“ते तुम्ही ठेवलंत. कात्री तुमची, आणि नाव माझं?”

इस्त्रीसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की हा प्रोग्राम हजारो कुटुंबांवर फिरलेला आहे. तो चुकतो असं एका ठिकाणी कबूल केलं तर सगळ्या सूचीवरचा विश्वास उडेल, आणि यंदा तर पैसे देणाऱ्यांची पाहणी आहे. एका संकलकाची चूक ही मात्र लहानशी गोष्ट. लोक समजून घेतात. शेवटी प्रश्न त्या मुलीचा आहे, असंही ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरासा मऊ झाला. पीळबाईने हातातलं पत्र चुरगळून मुठीत धरलं, नाहीतर ती मूठ कुठे गेली असती सांगता येत नाही. ती दार आपटून बाहेर पडली. दाराला हळू बंद होणारी दांडी बसवलेली होती, त्यामुळे ते आपटलंही नाही. त्याचाही तिला राग आला.

घरी नवरा चष्म्याच्या काचा घासत बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि कामाचा ढीग पडला की तो थोडं घरी आणायचा. तिने आल्या आल्या तोंड सोडलं. इस्त्रीसाहेबांचा उद्धार झाला, समितीचा झाला, त्या न बघितलेल्या मार्गदर्शकाचा झाला. नवऱ्याला हे नवं नव्हतं. मध्ये बोललं की आपलाही नंबर लागतो, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षात शिकला होता. तिचा श्वास संपेपर्यंत त्याने काच घासली.

मग त्याने विचारलं, “त्या पोरीला काय हवंय?”

“शेवटचा पीळ.”

“मग तुझं खरं तिच्या काय कामाचं?”

ती त्याच्यावर उसळली. खरं कामाचं नाही, तर मग सगळं करायचं कशाला? आणि आज मी हे गळ्यात घेतलं तर उद्या कोणीही यावं आणि आपलं पाप माझ्या नावावर टाकून जावं. नवरा म्हणाला की बरोबर आहे. तिने म्हटलं, मी एवढी वर्षं नाव जपलं. तो म्हणाला की तेही बरोबर आहे. त्याने काच उजेडाकडे धरून बघितली आणि पुसून बाजूला ठेवली.

“पीळ प्रथिनात जास्त की तुझ्यात, एवढंच ठरव,” तो म्हणाला. “माझं म्हणणं नाही काही.”

तिने त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला. जेवताना मीठही स्वतः उठून आणलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याचं उत्तर तिला माहीत होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. तिचं खरं चार वर्षं समितीच्या कपाटात पडून होतं, आणि तेवढीच वर्षं ती पोरगी स्वतःच्या हातांना दोष देत होती. दोन्ही हिशोब एकाच कात्रीने बिघडवले होते, पण दुसरा रकाना मात्र पहिल्यापासून तिथेच होता. खूण करायला काही लागत नव्हतं. फक्त ती चूक आपली म्हणायची होती. या विचाराने तिला स्वतःचा राग येईना, इस्त्रीसाहेबांचाच आला, आणि तो आधीपेक्षा दुप्पट होता.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज उघडला आणि दुसऱ्या रकान्यावर खूण केली. चूक कशी झाली या ओळीत तिने लिहिलं, की धाकट्या भागाची सीमा ठरवताना संकलकाकडून शेवटचा पीळ नजरेतून सुटला. हे वाक्य लिहिताना तिचे दात एकमेकांवर असे दाबले गेले की संध्याकाळपर्यंत जबडा दुखत होता. कुलूप उघडलं. तिने जुनी जुळणी परत बसवली, फास होता तसा विस्कटलेला ठेवला, आणि पलीकडे तो पीळ, एकेका जीवाचा, पुन्हा त्याच्या जागी उभा केला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती जाहीर झाली आणि मुलीला मुदतवाढ मिळाली.

इस्त्रीसाहेबांनी पुढच्या बैठकीत ती दुरुस्ती पडद्यावर दाखवली. नाव झाकलं होतं, पण त्या खोलीत बसलेल्यांना नावाची गरज नव्हती. माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याचा डोळा चुकतो, असं ते म्हणाले. म्हणूनच यापुढे हाताने केलेल्या सगळ्या जुळण्यांवरून प्रोग्राम दरवर्षी फिरवायचा. लोकांनी पीळबाईकडे चोरून बघितलं. काहींच्या नजरेत कीव होती, आणि एकदोघांच्या नजरेत समाधान, कारण जी बाई कोणाची चूक कधी सोडत नव्हती तिची चूक आज भिंतीएवढी झाली होती. खरं काय ते तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ते मूग गिळून बसले. पीळबाईने त्यांच्यातल्या एकेकाकडे मान वळवून वळवून बघितलं, आणि ज्यांच्याकडे बघितलं त्यांनी पाण्याचे पेले उचलले.

वर्ष गेलं. संस्थेत परिषद भरली, बाहेरगावचे लोक आले, आणि त्यांत ती मुलगीही आली. तिचं प्रथिन आता डीएनएला घट्ट धरत होतं. तिला पदवी मिळाली होती. मधल्या सुट्टीत, चहाच्या टेबलाशी, तिने छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून पीळबाईला गाठलं. अंगाने बारीक, फोनवर ऐकलेल्या आवाजाचीच. पीळबाईच्या चेहऱ्यावर हसू येतच होतं.

“मॅडम, मला तुम्हाला एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं,” मुलगी म्हणाली. “चूक कबूल केलीत त्याबद्दल आभारी आहे. पण चार वर्षं मी रोज माझ्या हातांकडे बघून रडले. सर सगळ्यांसमोर माझे हात वर करून दाखवायचे आणि लोक हसायचे. आणि तुम्ही काय केलंत? नीट बघितलं नाहीत. एक पीळ. एवढंच बघायचं होतं ना?”

मुलीचा आवाज कापत होता, पण ती हटत नव्हती. हा राग पीळबाईला चांगला ओळखीचा होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पत्ता तेवढा चुकला होता. आणि तोंडाशी आलेलं सांगून टाकावं, तर पोरीची मुदतवाढ, तिची पदवी, सगळं त्या एका खोट्या वाक्यावर उभं. उद्या कोणी विचारलं तर ते खोटं सांभाळायची पाळी त्या पोरीवर येणार. पीळबाईने गिळलं.

“माफ कर,” ती म्हणाली.

बाजूलाच इस्त्रीसाहेब उभे होते, हातात कप आणि बशी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे झाले, मुलीच्या खांद्यावर वडीलकीने हात ठेवला, आणि म्हणाले की माणसाकडून असं होतं, म्हणूनच आता आम्ही माणसाच्या डोळ्यावर विसंबत नाही, सगळ्या जुळण्यांवरून दरवर्षी प्रोग्राम फिरतो.

मुलीने त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

“फार बरं केलंत, सर,” ती म्हणाली. “निदान दुसऱ्या कोणावर ही वेळ येणार नाही.”

इस्त्रीसाहेबांनी मान लववली. पीळबाईने तिचा कप टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे असा ठेवला की बशीचा तुकडा उडाला. मग ती कोणाशी काही न बोलता जिना चढून आपल्या खोलीत गेली. खाली घंटा झाली, लोक सभागृहात परतले, तिने दार लावून घेतलं आणि संगणक सुरू केला. प्रोग्राम हजारो कुटुंबांवर फिरला होता, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. त्यातली बरीच एके काळी तिच्या हाताखालून गेलेली. प्रत्येकाखाली तिचंच नाव, आणि प्रत्येकाच्या कडा सरळ कापलेल्या. कुठेतरी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत, कोणीतरी पोर याही क्षणी आपल्या हातांकडे बघत असणार.

तिने पहिलं कुटुंब उघडलं. विस्कटलेल्या जागेच्या पलीकडे काय काय तुटून पडलंय ते बघितलं, आणि अर्ज काढला. दुसऱ्या रकान्यावर खूण केली. संकलकाची चूक. नाव लिहिलं. कुलूप उघडलं. संचालकांनीच दाखवलेली वाट होती, तिला समिती लागत नव्हती आणि कोणाला ती अडवताही येत नव्हती. दरवर्षी ते कापणार होते, तर दरवर्षी ती चुकणार होती.

त्या वर्षाच्या अहवालात चुकांचा तक्ता छापून आला. बाकी सगळ्या संस्थेत मिळून जेवढ्या चुका झाल्या होत्या, त्याहून जास्त एकट्या पीळबाईच्या नावावर होत्या. इस्त्रीसाहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवून विचारलं, की हे काय चाललंय. ती म्हणाली की वय झालं, डोळा चुकतो आता. आणि त्यांचं पुढचं ऐकायला न थांबता ती उठली, कारण अजून पुष्कळ चुका राहिल्या होत्या.